भट्टीला आवाज फुटला

लिफ्टवालीच्या घरात खाली बेकरी आणि वर संसार. ती लिफ्टची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करायची, म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलेलं. बेकरी सासऱ्यांची. भट्टीच्या विटांचा रंग बघून ते पाव आत सारायचे आणि त्यांचा अंदाज कधी चुकायचा नाही. पण डोळ्यांच्या नसा सुकत गेल्या, दिसेनासं झालं, आणि भट्टी मुलाच्या हाती आली. मुलगा, म्हणजे लिफ्टवालीचा नवरा, माणूस लाख मोलाचा. भट्टीशी मात्र त्याचा उभा दावा. पाव एक तर कच्चा, नाहीतर कोळसा.

सासरे दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि ओरडायचे, "करपला रे!"

"मग आधी सांगायचं ना, बाबा," मुलगा वैतागायचा.

"अरे, वास येतो तोवर सगळं आटोपलेलं असतं!"

हे ऐकून ऐकून लिफ्टवालीच्या डोक्यात आलं, भट्टीची धग कानांनी कळली तर? धग वाढेल तशी बझरची पट्टी चढायला हवी.

लिफ्टमध्ये सगळा मामला हो की नाही एवढाच. दार लागलं की नाही, बटण दाबलं की नाही. धग तशी नसते, ती हळूहळू चढते. भट्टीच्या तोंडाशी लावायचा सेन्सर तिचं बारीकसं व्होल्टेज करून देत होता, पण बझर वाजवणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला नुसते आकडेच समजायचे. म्हणून मध्ये दुभाषी म्हणून तिनं आठ पायांची एक इवलीशी एडीसी चिप आणली. ही चिप व्होल्टेजचा आकडा करायची आणि क्लॉकच्या ठोक्यावर शून्य किंवा एक असा एकेक बिट करत एकाच तारेवरून पाठवायची.

रविवारी सकाळी पीठ मळायच्या टेबलाचा कोपरा अडवून तिनं तारा जोडल्या. एक क्लॉकची, एक डेटाची, आणि एक चिपला 'तुझी पाळी' म्हणून सांगणारी, सिलेक्टची. बटण दाबलं. बझरनं अशी किंकाळी फोडली की नवऱ्याच्या हातातला ट्रे सुटला.

"भट्टी पेटवलीसुद्धा नाही अजून!" सासरे कानांवर हात ठेवून म्हणाले. "ही कशाला कोकलतेय?"

आकडा टोकाला जाऊन बसला होता, हलायचं नाव नाही. तिनं सेन्सर बदलला, तारा तपासल्या, प्रोग्रॅम पुन्हा वाचला. सगळं जिथल्या तिथं. दुपारपर्यंत तिचं डोकं भणभणायला लागलं.

नवरा टेबल आवरायला आला. चिपच्या माहितीच्या कागदावरचं पीठ त्यानं फडक्यानं झटकलं आणि एका जागी घासत राहिला.

"अहो, फाटेल तो कागद!"

"अगं, सिलेक्टच्या अक्षरांवर डाग आहे. जातच नाहीये."

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. डाग कसला, ती छापलेली आडवी रेघ होती! पिठाचा फराटा समजून तिनंच सकाळी तिच्याकडे काणाडोळा केला होता. रेघेचा अर्थ असा, की या तारेचं व्होल्टेज वर असेल तेव्हा चिप गप्प बसणार आणि खाली ओढलं की बोलणार. लिफ्टच्या बटणांच्या सवयीनं तिनं नेमकी ऐन वाचनाच्या वेळी ती वर ठेवली होती. चिप गप्प, डेटाची तारही वरच अडकलेली, म्हणून प्रत्येक बिट एक आणि आकडा टोकाला!

"म्हणजे मी दिवसभर तिला गप्प बस म्हणत होते आणि बोलत का नाहीस म्हणून तिच्यावरच चिडत होते," ती कपाळावर हात मारून हसली.

"आमच्या घरात हे नवीन नाही," सासरे म्हणाले.

प्रोग्रॅममधल्या दोन ओळी बदलल्या आणि भट्टी पेटवली. बझर आधी घुमला, मग हळूहळू चढू लागला. सासरे खुर्चीवरून उठले, भिंत चाचपत भट्टीपाशी आले आणि मान कलती करून ऐकत राहिले.

"थांब... थांब... आता!"

मुलानं ट्रे आत सारला. थोड्या वेळानं पाव बाहेर आले, बदामी रंगाचे, टम्म फुगलेले. सासऱ्यांनी एकावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि दुसरा उचलून त्यावरही मारली. मग तिसऱ्यावर. लिफ्टवालीनं तोंड फिरवून उगाचच वायरी गुंडाळायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा गल्ल्यावर बसला, खुशीत. भट्टीपाशी सासरेच, आणि त्यांची नवी तक्रारही तयार होती.

"सूनबाई, हिचा गळा फार चिरका आहे गं. जरा खालच्या पट्टीत बसव."

"संध्याकाळी बसवते, बाबा," म्हणत गरम पाव तोंडात धरून लिफ्टवाली कामावर पळाली.