वांग्यावरचा आळ

आमच्या लातूरच्या घरमालक काकांनी ज्याच्यावर आळ घेतला नाही असा पदार्थ मराठवाड्यात पिकत नाही आणि शिजतही नाही. काकांचा ओठ, नाहीतर डोळा, नाहीतर हाताचा पंजा अधूनमधून टम्म सुजायचा. खाज नाही, पुरळ नाही. दोन-तीन दिवसांनी सूज आपोआप उतरायची, पण तोवर काकांनी गुन्हेगार पकडलेला असायचा. आदल्या दिवशी ताटात जे असेल ते! वांगं, शेंगदाणा, आंबट चुका, हरभऱ्याची भाजी अशी एकेकाची हद्दपारी झाली. सुजलेला ओठ पुराव्यासारखा मिरवत ते गल्लीत फिरायचे आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावून म्हणायचे, "खावा, खावा. जनावराला काय कळतंय!" काकू एकदाच बोलल्या, "डाळ तेवढी ठिवा. तीबी गेली तर मला पातेल्यात तुमचं डोस्कंच शिजवावं लागंल."

हदगावकडचा मी, घराण्यातला पहिला पदवीधर, एम.एस्सी.ला लातूरला आलो तेव्हा माझं आडनाव ऐकताच बऱ्याच खोल्या 'कालच दिलेल्या' निघाल्या. काकांनी मला एवढंच विचारलं, "शेंगदाण्याची चटणी खाता का?" मी नाही म्हणालो. किल्ली हातात पडली. हा उपकार मी विसरणार नाही, आणि त्या खोलीत चोरून खाल्लेली चटणीही.

लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात त्यांनी टँकरच्या पाण्यावर आळ घेतला. अख्खी गल्ली घागरी लावून उभी, आणि हे मध्ये उभे राहून सांगतायत, "ह्या पाण्यानंच माझं थोबाड सुजलंय!" मागची बाई म्हणाली, "मग तुमची घागर उचला की वो, आमचा तरी नंबर लागू द्या." काकांनी घागर उचलली नाही. काका मूळचे उदगीरचे. उदगीर लातूरपासून वेगळा जिल्हा व्हावा म्हणून भरलेल्या सभेत भाषण करायला गेले, तर ऐन वेळी ओठ असा सुजला की 'जिल्हा' शब्द बाहेर येईना. लोकांनी हार घालून त्यांना खाली बसवलं. परत येऊन मला म्हणाले, "भजी लातूरवाल्यांनी दिली होती. समजलं का, एम.एस्सी.?"

समजत मला वेगळंच होतं. वर्गात नुकतंच अशी सूज आणणारं कॅलिक्रेन शिकवलं होतं. मी म्हणालो, "काका, हे खाण्याचं नसेल. रक्त तपासू या." त्यांनी माझी, विद्यापीठाची आणि एकंदर विज्ञानाची यथेच्छ लाज काढली. पण पुढच्या खेपेला सूज घशाकडे सरकली, आवाज बसला, तेव्हा मुकाट्याने रिक्षात बसले. सूज उतरली, रक्त बाहेरगावी तपासून आलं आणि डॉक्टरांनी त्यांना समोर बसवलं.

"रक्तात कॅलिक्रेन नावाचं एक एन्झाइम असतं. शरीराला ते लागतं, पण त्याला आवर घालणारं एक प्रथिनही लागतं. तुमच्यात ते कमी आहे. एन्झाइम मोकाट सुटलं की रक्तवाहिन्या पाझरतात, आणि सूज येते. मार, ताण, दात काढणं, कशानंही. कधी काही कारण नसतानाही."

"आन् वांगं?"

"वांग्याचा संबंध नाही."

"शेंगदाणा?"

"नाही."

"आंबट चुका तरी?"

डॉक्टरांनी मान हलवली. इतके आरोपी एकदम सुटलेले पाहून काका खचले. मग डॉक्टरांनी विचारलं, "हे घराण्यातून येतं. घरात आणखी कुणाला होतं?"

काका म्हणाले, "थोरला भाऊ. घसा आवळून गेला. आक्काकडं जेवला, आन् गेला."

"त्याआधी काही झालं होतं?"

"बाजारात दाढ काढून घेतली व्हती."

आक्का म्हणजे त्यांची बहीण, शिरूर अनंतपाळला दिलेली. त्या दिवशी तिने वांगं केलं होतं. तेव्हापासून या घरातल्या कुणी तिच्याकडे घास खाल्ला नव्हता. राखीला काका जायचे, हात पुढे करायचे आणि पाणीही न पिता परत यायचे.

त्या आठवड्यात मला सोबत घेऊन ते शिरूरला गेले. दारात उभे राहून म्हणाले, "आक्का, पाणी दे." तिने माझ्याकडे बघितलं, मग तांब्या आणला. ते गटागटा प्याले. "वांगं कर."

"आता? येवढी वर्सं मी हडळ व्हते, आन् आज वांगं आठवलं व्हय रं?"

"भाऊ माझ्यासारख्याच आजारानं गेला आक्का. तुझ्या हातानं न्हाई."

ती चुलीपाशी गेली आणि पाठ फिरवून वांगी चिरत बसली. काकांनी वांगं दोनदा वाढून घेतलं. निघताना तिने डबा भरून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा ओठ टम्म सुजला. मी रिक्षा आणायला निघालो तर ते म्हणाले, "घसा मोकळा हाय, बस गप." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सूज लपवली. दार लावलं, खिडक्या लावल्या, काकूंना दम भरला, "शिरूरला कळू द्यायचं न्हाई." तेवढ्यात फोन वाजला. आक्काच.

"कसा हायस रं? काय तरास न्हाई ना झाला?"

सुजल्या ओठातून शब्द फुटेना. काकांनी डब्यातलं वांगं ओढून घास तोंडात कोंबला आणि बोबडं बोलले, "थांब गं... तोंडात घास हाय. तुझाच."