भोंगऱ्याच्या गर्दीत बंद केलेलं अपडेट

अन्याय झाला तो सातपुड्यातल्या एका ऊसतोड बाईवर. गेल्या दिवाळीनंतर ती गुजरातेत तोडीला निघायची होती त्या दिवशी, सकाळी, वाटेसाठी मक्याच्या भाकरी भाजत असताना. फोन वाजला. पलीकडून कोणी बोललं नाही, फक्त एक रेकॉर्ड केलेला आवाज लावला. आवाज तिचाच होता. मुकादमानं कोयत्याच्या दांड्यानं कसं मारलं ते ती सांगत होती. तो संपल्यावर एक माणूस म्हणाला, "तुझा भाऊ पोचला बरं का आमच्या टोळीवर." आणि फोन ठेवला.

तो आवाज आमच्याकडचा होता. खापर गावच्या बाजारपेठेत आमच्या संघटनेची एक खोली आहे, तिथल्या कॉम्प्युटरवरचा.

होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो. तोडीवरून परतलेली माणसं डोंगरातून खाली उतरतात, नटूनथटून, ढोल घेऊन. एरवी ती कोणाला सापडत नाहीत, म्हणून आम्ही त्याच गर्दीत तक्रारी रेकॉर्ड करतो. ही बाई आली तेव्हा बाहेर ढोल इतका होता की दार लावून घ्यावं लागलं. बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "ताई, हे कोण ऐकेल?"

"कुलपात राहील," मी म्हणाले.

कुलूप खरंच होतं. आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली प्रणाली. तिच्यात भोक सापडलं की जगभरातली माणसं मिळून ते बुजवतात आणि दुरुस्ती उघडपणे सगळ्यांना देतात. पण दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठं आहे हेही जाहीर होतं. ज्यानं ती बसवली नाही, त्याचं दार चोराला आयतंच कळतं. म्हणून मी ते माणसाच्या आठवणीवर ठेवलंच नव्हतं. यंत्रानं रोज स्वतः बघायचं, दुरुस्ती आणायची, बसवायची, लागलं तर स्वतः बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. कोणी काही दाबायचं नाही; यालाच स्वयंचलित अपडेट म्हणतात.

त्यावर आमचे थोरले कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, नेहमी चिडवायचे, "रोज रोज त्या कॉम्प्युटरले काय सुई टोचस तू? बिमार शे का ते?"

मी म्हणायचे, "सर, बिमार पडू नये म्हणूनच."

बाईचा फोन मला आला तेव्हा ती रडत नव्हती. फार हळू बोलत होती, कोणी ऐकत असल्यासारखी. "ताई, फोनात मीच बोलत होती."

मी धावत खोलीवर गेले. कॉम्प्युटर चालू केला तर पडद्यावर धमकी होती: पैसे द्या, नाहीतर उरलेलंही उघड करू. उरलेलंही! म्हणजे काही आधीच बाहेर गेलं होतं. गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं रेकॉर्डिंग फिरत होतं, त्यात तिच्या गावाचं नाव होतं, आणि मुकादमाच्या माणसाला तेवढं पुरेसं होतं.

मी वायर उपटली. मग तालुक्याहून जाणकार बोलावला. त्यानं तपासून सांगितलं, की ज्या भोकातून चोर आला त्याची दुरुस्ती पावसाळ्यातच आली होती. इथं स्वयंचलित अपडेट होळीच्या आधीपासून बंद आहे.

सर भिंतीला टेकून खाली बसले.

"मीच बंद करेल व्हतं," ते म्हणाले. "भोंगऱ्याले रांग पार रस्तावर गयी व्हती. तू जेवाले गयी, अन् ते अपडेट सुरू व्हयनं, रेकॉर्डिंग अटकी गयं. म्हन्तं होळी व्हई गयी का चालू करी लेसूत. मंग ध्यानमाच ऱ्हायनं नही, पोरी."

ज्या गर्दीसाठी यंत्र होतं, त्याच गर्दीसाठी त्याची राखण बंद केली! सरांचा हेतू चांगला होता. मला त्या चांगल्या हेतूचा राग येतो, आजही. उपाशी बायामाणसं रांगेत ताटकळू नयेत म्हणून त्यांनी दार उघडं टाकलं.

बाई तोडीला गेली नाही. ती आमच्या खोलीत येऊन बसते, कॉम्प्युटरकडे पाठ करून. मी पोलिसांत तक्रार दिली आहे. आमचे दोघं जण तिच्या भावाला आणायला गुजरातेत गेले, तर टोळी उसाच्या दुसऱ्या फडावर हलवलेली. त्याचा फोन लागत नाही. माझा फोन वाजला की ती माझ्या तोंडाकडे बघते, आणि मला उचलायची भीती वाटते. कालच ती म्हणाली, "तू बोलली होती कुलूप आहे." एवढंच.

तुम्हीही कोणाचं तरी काही जपून ठेवलं असेल. दवाखान्यात, शाळेत, पतपेढीत, संघटनेत. तुमच्याकडेही गर्दी होते आणि तुमच्याकडेही कोणीतरी चांगल्या मनाचं माणूस आहे. म्हणून हे वाचून झाल्यावर उठा. कॉम्प्युटरसमोर बसा. स्वयंचलित अपडेट चालू आहे असं कोणी म्हणतं त्यावर विश्वास ठेवू नका, शेवटची दुरुस्ती कधी बसली ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बंद असेल तर चालू करा, आणि ते चालू होईपर्यंत कोणाचाही आवाज रेकॉर्ड करू नका. रांग थांबली तर थांबू द्या.