तोंड दाखवायला आलेला भाऊ

सत्तरच्या दशकात मी वर्ध्यात कर्करोगाच्या उपचारावर संशोधन करत होते, असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चकचकीत यंत्रं उभी राहतात. मी ती राहू देते. खरं तर माझी यंत्रसामग्री म्हणजे एक टॉर्च, एक छोटा आरसा आणि उजव्या हाताचं बोट. तंबाखूमुळे गालात धरलेली गाठ डोळ्यांआधी बोटाला कळायची.

तोवर अशा रुग्णाला थेट किरणं देत. आम्ही आधी इंजेक्शनं देऊन गाठ बारीक करायची आणि मग किरणांसाठी नागपूरला पाठवायचं, असा घाट घातला होता. आमच्या विभागप्रमुख सरांना तो अर्धवटच पटला होता. त्यात बहुतेक रुग्ण मधेच गावी पळाले. शेवटपर्यंत टिकला तो आष्टीकडचा एक शेतकरी. सर म्हणाले, "त्याचा गाल साफ निघाला तर पुढचे रुग्ण घेऊ. नाहीतर हे दुकान बंद."

तपासणीच्या दिवशी तो सकाळच्या गाडीनेच हजर झाला. तोच बसका चेहरा, तीच टोपी. तोंड उघडलं आणि मी टॉर्च घेऊन जवळजवळ नाचलेच. गाल असा गुलाबी, की आजाराचा मागमूस नाही. सरांना हाक मारणार, तेवढ्यात उजेड मागे गेला आणि तिथे दाढ दिसली. किडकी होती म्हणून ती आम्हीच उपटली होती. औषधाने गाठ जाते हे मला सिद्ध करायचं होतं. दाढ उगवते, असा माझा दावा नव्हता.

"ही दाढ कुठून आली?"

"लहानपणापासूनचीच आहे, बाई."

"मग आजार?"

"आजार माह्या भावाले. आज पोळा हाय. बैलवाला माणूस आज घर सोडते काय? मले म्हणे, तू जाय, तोंड दाखवून येजो. सख्खे भाऊ आहो, तोंड एकाच वळणाचं."

त्याच्या सांगण्यात जराही लबाडी नव्हती. तारीख चुकू नये म्हणून घरातलं मिळेल ते तोंड पाठवलं होतं. मी टॉर्च पर्समध्ये टाकला आणि त्याच्याच मागोमाग एसटीत बसले.

गावात पोचलो तेव्हा तोरणाखाली बैलांची रांग लागली होती. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. माझा रुग्ण दोन्ही कासरे धरून उभा होता. मला पाहून हसला, पण तोंड मिटूनच.

"पोळा फुटू द्या, बाई. मंग पाहा काय पाह्याचं ते."

"तोवर उजेड जाईल."

"तुमच्याजवळ बॅटरी आहे नं."

एक म्हातारा पुढे सरसावला. "काऊन अडून बसला बे? बैल मी धरतो. बाई वर्ध्याहून आल्या, काय तुह्यं थोबाड पाह्याची हौस आहे त्याईले?"

मग तो तिथेच बैलगाडीच्या जुवावर बसला. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे थांबले, बाया पदर सावरत पुढे आल्या. एवढे प्रेक्षक मला पुढे कुठल्याही परिषदेत लाभले नाहीत. मी हात धुतले आणि बोट गालात घातलं. जिथे सुपारीएवढा दगड होता, तिथे बोट सरळ घसरत गेलं. परत फिरवलं. मऊ. मानेच्या गाठी चाचपल्या, त्याही नव्हत्या. दाढेची जागा मात्र रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेवर मी मनातल्या मनात फूल वाहिलं.

"काई नाई?" त्याच्या बायकोने विचारलं.

"काही नाही. साफ आहे. तंबाखू तेवढी परत घरात दिसू द्यायची नाही."

"तिखट चालते?"

"थोडं थोडं द्या आता."

किरणांनंतर तिने त्याला फिक्या वरणावर आणि पातळ कण्यांवर ठेवलं होतं. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घरी आले, ओवाळणी झाली. मग तिने त्याच्यापुढे झणझणीत रश्शाची वाटी ठेवली आणि समोर बसून राहिली. त्याने वडा बुडवून तोंडात टाकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"झोंबते काय जी?" ती घाबरून म्हणाली.

त्याने नाही म्हणून मान हलवली, टोपीने डोळे पुसले आणि वाटी पुढे केली. "वाढ अजून."