आमच्या विभागातले नमुने

पहिल्याच दिवशी, दारात पाऊल टाकलं तेव्हाच, काहीतरी चुकतंय असं मला वाटलं. संख्याशास्त्राच्या विभागप्रमुख गोडबोले मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आत हाक दिली, "निखिल, नवा नमुना आलाय. खुर्ची द्या!"

मी दचकले. तशी मी कशानेही दचकते, मिक्सर लावला तरी. पण नोकरीच्या पहिल्या मिनिटाला 'नमुना'?

निखिल म्हणजे माझ्यासारखाच तासिका तत्त्वावरचा, जितके तास तितका पगार असा प्राध्यापक. खुर्ची पुढे सरकवत तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस. सॅम्पलला मराठीत नमुना म्हणायचं, असा मॅडमचा हट्ट आहे. त्यामुळे इथे सगळेच नमुने. मी यादृच्छिक नमुना."

"म्हणजे रँडम?"

"हो. कधी येईन सांगता येत नाही ना!"

तेव्हापासून किस्से साठतायत. साठवावे लागत नाहीत, आपोआप ढीग होतो. मधे भरपूर, कडेला एखाद-दुसरा. मधले सांगते. कडेचे सांगण्यासारखे नाहीत.

•

आमचं कॉलेज लोणी काळभोरला आणि कॅन्टीन कॉलेजच्या दारात. एकदा निखिल तिथे मिसळ खाऊन आला आणि जाहीर केलं, "भंगार! परत जाणार नाही."

मॅडम पेपर तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती वेळा खाल्लीत?"

"एकदाच."

"मग ही मिसळ भंगार की आजची प्लेट भंगार, हे कसं कळलं तुम्हाला?"

"मॅडम, जीभ भाजली माझी!"

"तो तुमचा अनुभव. निष्कर्ष नव्हे. तीस प्लेट खा, मग मत द्या. तोवर शेव झटका, शर्टावर आहे."

तिसाचं हे प्रकरण पुस्तकातलं. नमुना निदान तिसाचा असावा, मग सरासरीवर जरा भरवसा ठेवता येतो, असा ठोकताळा. पुस्तकात तो एका ओळीत असतो. मॅडमच्या आयुष्यात तो सगळीकडे असतो!

•

आता मुख्य दैवत. सेंट्रल लिमिट थिअरम. मराठीत 'केंद्रीय सीमा प्रमेय'.

दुर्दैवाने दुसऱ्या वर्षाच्या वर्गात सीमा नावाची मुलगी आहे आणि ती बरोब्बर मधल्या बाकावर बसते. पुढचं सांगायला नकोच. मॅडमसुद्धा हजेरी घेताना विचारतात, "केंद्रीय सीमा आहे का?"

सहामाहीत प्रश्न होता, 'प्रमेय थोडक्यात स्पष्ट करा.' एकाने लिहिलं होतं : 'सीमा केंद्रात बसली की वर्ग नॉर्मल होतो.'

मी लाल पेन हातात घेऊन गोंधळून बसले. शून्य द्यावं, तर 'केंद्र' आलंय, 'नॉर्मल'ही आलंय. घाबरत घाबरत मॅडमना दाखवलं.

त्यांनी वाचलं. "अर्धा द्या."

"अर्धा कशाबद्दल, मॅडम?"

"निरीक्षणाबद्दल."

•

मुलांना हे प्रमेय अनुभवातून कळावं म्हणून मी प्रोजेक्ट दिलं. प्रत्येकाने रोज बसची किती वाट पाहिली ते टिपायचं, तीस नोंदी झाल्या की सरासरी काढायची. बस कधी लगेच येते, कधी येतच नाही. नोंदी वेड्यावाकड्या येणार. पण सगळ्या वर्गाच्या सरासऱ्या आलेखावर मांडल्या की मधे उंच, कडेला उतरती अशी घंटा दिसायला हवी. हेच ते नमुना वितरण. एकेक बस कितीही लहरी असो, सरासऱ्या शिस्तीत वागतात.

मुलांनी कागद दिले. मी मांडायला बसले. पहिली सरासरी बारा पूर्णांक चार. दुसरी बारा पूर्णांक चार. तिसरीही. अख्ख्या वर्गाची बारा पूर्णांक चार! घंटा नाहीच, नुसता खांब.

"हे काय आहे?" मी विचारलं. आवाज जितका करडा काढायचा होता तितका निघाला नाही.

मागच्या बाकावरची ऋतुजा उठली. गावाकडची मुलगी, बोलायला एक नंबर. "मॅडम, समद्यांची सरासरी येकच हाय. मंजी प्रमेय लईच खरं हाय की!"

निखिलला सांगितलं तर तो म्हणाला, "सत्कार कर त्यांचा. प्रमाण त्रुटी शून्य, सरासऱ्यांत तिळाएवढा फरक नाही! असं आजवर कुणाला जमलेलं नाही."

•

घरी आईने एकदा विचारलं, "तू शिकवतेस तरी काय गं नक्की?"

मी उत्साहात आले. "समज, एका स्थळावरून सगळ्या मुलांबद्दल मत बनवलं, तर चुकेल की नाही?"

"चुकेल," आई म्हणाली. तिचे डोळे चमकले. मला तेव्हाच थांबायला हवं होतं.

"पण तीस मुलं पाहिली आणि त्यांची सरासरी काढली..."

"म्हणजे तू तीस मुलं बघायला तयार आहेस?"

रविवारी पहिलं स्थळ आलं. मुलगा बँकेत. माझा विषय ऐकून म्हणाला, "बापरे!" आई अजून म्हणते, एकावरून मत बनवू नकोस, तूच शिकवलंयस.

•

आता शेवटचं.

वर्ष संपत आलं होतं. आम्हाला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, हे विभागप्रमुख सांगतील तसं प्राचार्य ठरवतात. मॅडम म्हणाल्या, "सुजाताबाई, शनिवारी तुमच्या तासाला मागे बसेन. सोमवारी प्राचार्यांना सांगायचंय."

"एकच तास बघणार?" मी बाहेर येऊन निखिलला म्हटलं. "एका तासावरून ठरवणार?"

"तू आता मिसळ झालीस," तो म्हणाला.

ही नोकरी मला हवी होती. पगार सांगण्यासारखा नाही, स्वारगेटहून बसने जाता-येता जीव जातो, तरी हवी होती. वर्गात एखाद्याच्या चेहऱ्यावर 'अच्छा, असं आहे होय!' उमटतं ना, तेवढ्या वेळात मी कशालाही घाबरत नाही.

म्हणून ठरवलं, शनिवारी समोर घंटा उभी करायचीच. सकाळी निखिल आणि मी मार्केट यार्डातून लिंबांची छोटी गोणी आणली. प्रत्येकाने तीस लिंबं पिशवीत भरायची, काट्यावर ठेवायची, वजनाला तिसाने भागायचं, लिंबं परत टाकायची आणि सरासरी फळ्यावर मांडायची. गर्दी होऊ नये म्हणून निखिलने वरची अर्धी लिंबं टेबलावर एका बादलीत काढली. पुढचे बाक बादलीतून घेणार, मागचे गोणीतून.

मॅडम आल्या, मागे बसल्या. फळ्यावर एकेक ठिपका पडू लागला. डावीकडे एक ढीग. उजवीकडे दुसरा. मधे काहीच नाही!

मी फळ्याकडे बघत राहिले. तीस-तीसच्या सरासऱ्या, मग घंटा कुठाय? आणि तेवढ्यात माझ्या कानाशी आवाज आला, "हा दोन वशिंडांचा उंट कुठून आणलात?"

मॅडम कधी उठून आल्या, कळलंच नाही. मी किंचाळले. मागे उडी मारली, टेबलाला धडकले, बादली पडली, बादलीने गोणी कलंडवली आणि अख्ख्या वर्गात लिंबं! बाकांखाली, दाराबाहेर, सीमाच्या ओढणीत.

एक लिंबू घरंगळत मॅडमच्या चपलेपाशी थांबलं. त्यांनी ते उचललं, पर्समध्ये टाकलं. "चालू द्या," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मला रडू येत होतं. पण मुलं खाली वाकून लिंबं गोळा करत होती, म्हणून मीही वाकले. एका हातात आलं टपोरं लिंबू, दुसऱ्या हातात बोराएवढं. आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. गोणीत वर दाखवायला मोठी भरलेली, खाली बारकी! पुढच्या बाकांना सगळी मोठीच मिळाली होती, मागच्यांना बारकी. नमुना यादृच्छिक नव्हताच. आता जमिनीवर सगळी एकत्र झाली होती.

"परत!" मी ओरडले. "खालून घ्या, हाताला येतील ती! तीस-तीस!"

"मॅडम, लेक्चर संपलं," कुणीतरी म्हणालं.

"संपू दे की! घे तू लिंबं!" ऋतुजा त्याच्यावर खेकसली.

फळा पुसला. पुन्हा ठिपके पडू लागले. एक मधे. एक जरा बाजूला. पुन्हा मधे. मधे. आणि हळूहळू फळ्यावर घंटा उभी राहिली, खरीखुरी, पुस्तकातल्यापेक्षा देखणी. केंद्रीय सीमा स्वतः उठून टाळ्या वाजवायला लागली.

फक्त बघायला मॅडम नव्हत्या.

मी फोन लावला. उचलला नाही. वर्गातून लावला, स्टाफरूममधून लावला. फळ्याचा फोटो पाठवावा, तर मॅडमचा फोन जुना, बटणांचा. बसमध्ये बसले आणि लावत राहिले. बाजूच्या बाई म्हणाल्या, "अहो, जाऊ दे त्याला. नाही उचलत म्हणजे नाही." हडपसर गेलं, लावत राहिले. मला फक्त एवढंच सांगायचं होतं, की मॅडम, तुम्ही अर्धाच तास पाहिलात, घंटा नंतर आली.

स्वारगेटला उतरले. म्हटलं, शेवटचा. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, आणि एकदम थांबली. मी इतकी दचकले की फोन हातातून पडता पडता वाचला.

"हं," मॅडम म्हणाल्या. "तीस झाले. आता मत बनवता येईल. बोला."