चारशे बारा पावलांची शीव

माझं पाऊल अडीच फुटांचं आहे. हे मला मोजणीदारानं सांगितलं. त्याआधी मी पावलं नुसतीच मोजत असे. घरापासून विहीर, वेशीपासून मारुती, कुठलंही अंतर विचारा, मी आकडा सांगायचो, आणि घरात त्यावरून माझी थट्टा व्हायची. नाल्यापासून शिवेच्या दगडापर्यंत चारशे बारा पावलं, हा त्यातलाच एक आकडा. त्यानं माझ्या हातून एक चूक करवली आणि ती निस्तरलीही.

आमचं गाव दर्यापूरच्या बाजूचं, त्या वेळी अमरावती जिल्ह्यात. गावाच्या पश्चिमेला नाला. नाल्यापलीकडं आमच्याच गावची काळी जमीन, मग शेंदूर लावलेला शिवेचा दगड, आणि दगडापुढं शेजारचं गाव, अकोला जिल्ह्यातलं. माझं सोळा एकरांचं वावर आणि त्यातली विहीर नाला आणि दगड यांच्या मधल्या पट्ट्यात. निजामाच्या अमलात त्या पट्ट्याची चौकशी कोणी केली नव्हती. माझं वावर सोडलं तर बाकी सगळी चराई, आणि गुरं दोन्ही गावांची. इंग्रजांनी वऱ्हाड घेऊन त्याचे दोन जिल्हे केले तेव्हाही आमचा दगड जिथल्या तिथं राहिला. मग सातासमुद्रापलीकडं अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडकला, आणि इकडच्या कापसाला असा भाव आला की बांधाकडेची हातभर मातीसुद्धा लोकांच्या डोळ्यांत भरू लागली. बघता बघता चराईवर नांगर फिरला. त्याच सुमारास मोजणी आली.

मोजणीदाराला दोन जिल्ह्यांमधली रेघ कागदावर काढायची होती. शेजारच्या पाटलानं त्याची अडचण ओळखली. नाला नकाशावर काढायला सोपा, दगड शोधत हिंडावं लागतं. पाटलानं अर्ज दिला की खरी शीव नाल्याचीच आहे, दगड मागाहून कोणीतरी सरकवला. अर्ज मान्य झाला असता तर माझं वावर एका सहीनं त्याच्या गावात गेलं असतं. कसणारा कदाचित मीच राहिलो असतो, पण उपरी म्हणून, म्हणजे परगावचा माणूस. त्याची जमीन पाटलानं मनात आणलं की दुसऱ्याकडं जाते. माझ्या बापानं खोदलेल्या विहिरीवर पाटलाला विचारून मोट लावायची, हे मला सोसणार नव्हतं.

पाटलाजवळ पुरावा होता, आणि तो मीच त्याच्या हातात दिला होता.

आदल्या वैशाखात माझ्या थोरल्या मुलीचं लग्न झालं. मुलगी त्याच शेजारच्या गावात दिली. लग्न आमच्या दारी. नवरदेवाची मंडळी येते तेव्हा मुलीच्या बापानं गावच्या शिवेवर जाऊन तिला सामोरं जायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, मग गावात आणायचं. दोन दिवस आधी अवकाळी पाऊस झाला होता. काळ्या मातीत पाय टाकला की शेरभर चिखल पायासोबत वर यायचा. मी हिशोब केला: दगडापर्यंत चारशे बारा पावलं, परत तेवढीच, सोबत ओवाळणीची ताटं घेतलेल्या आठ बाया, आणि मुहूर्त गोरज. ठरवलं, नाल्याच्या काठावर निंबाखालीच पूजा करायची.

बायको म्हणाली, "शिवेवरची पूजा शिवेवरच होते. तुमी पावलं काहून वाचवून राहिले?"

"आपलीच जमीन हाय ना? इथं काय अन् तिथं काय," मी म्हणालो.

गाड्या आल्या. नवरदेव उतरला, सोबत आलेला त्यांचा पाटील उतरला, पण व्याही गाडीतून हलेना. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात.

"उतरा जी, इवाईबुवा," मी हात जोडले.

"कायले उतरू? तुमच्या शिवेत चारशे पावलं आत आलो, मले कोणी इचारलं? मी काय गुरं चारायले आलो बाप्पा?"

"चारशे बारा," माझ्या तोंडून सवयीनं निघालं.

त्यानंतर तो आणखी घटकाभर बसून राहिला. शेवटी मी माझ्यासाठी आणलेलं कोरं पागोटं त्याला बांधलं, तेव्हा त्यानं पाय खाली टाकला. मुहूर्त कसाबसा साधला.

आता मोजणीदारासमोर पाटील म्हणाला, "या माणसानं सोयऱ्याची पूजा कुठं केली ते इचारा. नाल्यावर. शीव सोडून कोणी मधातच पूजा करते काय?"

मोजणीदार पुण्याकडचा, सावकाश बोलणारा. त्यानं मला विचारलं, हे खरं का? मी खरं म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं, पण कारण माझ्या फायद्याचं होतं, म्हणून त्यानं ते लिहून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी व्याह्याची साक्ष ठेवली. तो त्यांच्याच गावचा, म्हणून पाटील खुशीत होता.

घरी बायको म्हणाली, "आज जाऊन भेटा त्यायले. पाया पडा."

मी गेलो नाही. साक्षीदाराला पढवणं माझ्यानं झालं नसतं. शिवाय गरजही नव्हती. लग्नापासून त्या दिवसापर्यंत व्याह्यानं तो अपमान मला अकरा वेळा ऐकवला होता. बारावी संधी तो सोडणार नाही, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली दोन्ही गावं जमली. व्याही तेच पागोटं बांधून आला.

"पूजा इथंच झाली ना?" पाटलानं विचारलं.

"इथंच झाली. म्हणून तं मी उतरलो नाई!" व्याह्याचा आवाज चढला. "शीव तिकडं, दगडापाशी. तिथं कुत्रं नव्हतं आमाले पाहाले! गाडीत बसून राहिलो, पाटील, तुमी सोता मले म्हणत होते, उतर बाप्पा, भूक लागली. हे पागोटं कायचं हाय मंग? नाला शीव असता तं मी रुसलो असतो काय? मी काय येडा हाय?"

लोक हसले. पाटील म्हणाला, "आपल्या गावचं नुकसान करून राहिला तू."

"गावाचं मले समजते. पण माहा मान गेला तो गेला. आता खोटं कसं बोलू?"

मोजणीदारानं हे सगळं लिहून घेतलं आणि त्याची तेहतीस फुटी साखळी टाकायला सांगितली. नाल्यापासून दगडापर्यंत एकतीस साखळ्या आणि पाच फूट भरले. माझ्या पावलांच्या हिशोबात दोन फुटांचा फरक निघाला. तो मी मान्य केला. जुन्या दगडाशेजारी सरकारी दगड बसला आणि रेघ तिथून गेली.

पाटलानं त्या पोळ्याला व्याह्याचे बैल तोरणाखाली मानाच्या रांगेत पार शेवटी लावले. हे कळलं तेव्हा मी त्याला निरोप पाठवला, की अमुक दिवशी सकाळी दगडापाशी या. मी, बायको आणि ताटं घेतलेल्या त्याच आठ बाया चालत गेलो. मी त्याचे पाय धुतले, बायकोनं ओवाळलं.

"आज तं चिखल नाई," तो म्हणाला. "चिखलात आले असते तं खरा मान."

पण तो रडत होता, आणि मीही.

पुढं जिल्ह्यांची फेरवाटणी झाली. आमचा तालुका अमरावतीतून काढून एलिचपूरला जोडला. कचेरी बदलली, दगड हलला नाही. विहिरीवर माझी मोट चालू आहे.

व्याह्याचे पाय धुवायला दगडापाशी गेलो त्या सकाळी बायकोनंही पावलं मोजली होती. तिची पाचशे छत्तीस भरली. आजही कोणी अंतर विचारलं की ती आधी आपला आकडा सांगते.