सैल बेतलेला डबा

भाग्यलक्ष्मीला पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाला वाटायचं, ही बाई आपली उलटतपासणी घेतेय. दूध उतू जाताना आधी कडेने का चढतं, हे तिने दूधवाल्याला विचारलं होतं. त्याने नुसतं पाहिलं आणि पुढच्या दाराला निघून गेला. के. आर. पुरमच्या एका लहान कारखान्यात तिची नोकरीच मोजण्याची होती. लेथवरून उतरलेला प्रत्येक तुकडा तिच्या टेबलावर यायचा आणि केसाएवढा चुकला तरी परत जायचा. चिकपेटमागच्या शिंप्यांच्या गल्लीतून डिप्लोमा केलेली ती पहिली मुलगी.

१९९४ साली त्याच गल्लीतल्या देवळाच्या सभागृहात तिने रविवारचा वर्ग सुरू केला. सहावी ते आठवीची चौदा मुलं होती. घरी मराठी, शाळेत कन्नड, आणि अभ्यासातलं काही अडलं तर सांगणारं घरात कुणी नाही. पहिला दीड तास गणित आणि विज्ञान, तेही हाताने करून. मग गल्लीतला कुणीतरी पाहुणा यायचा. रंगारी येऊन गेला, सनईवाले येऊन गेले. पाहुण्याने भाषण करायचं नाही, मुलांनी विचारायचं आणि त्याने सांगायचं, एवढाच नियम होता.

श्रावण तोंडावर आला तेव्हा गल्लीतल्या गुंडूअण्णांनी भाग्यलक्ष्मीला आपल्या शिलाईच्या दुकानासमोर थांबवलं. त्यांची बारा वर्षांची रम्या वर्गातली सगळ्यात चौकस मुलगी.

"पुढच्या रविवारपासून रम्या यायची नाही," ते म्हणाले. "वरमहालक्ष्मीची ब्लाउजं आलीत. हुक लावायला हात लागतात."

"सण झाल्यावर पाठवाल ना?"

"मग गौरी येते. मग दसरा, मग दिवाळी. तूही शिंप्याचीच ना, भाग्या? तुला काय सांगायचं!"

भाग्यलक्ष्मीने वाद घातला नाही. "सरी, ठीक आहे. पण या रविवारी तुम्ही पाहुणे म्हणून या, अण्णा. मग ठरवा."

"मी काय सांगू? सातवी नापास माणूस."

"पोरं विचारतील तेवढंच सांगा."

रविवारी गुंडूअण्णा वेळेच्या बरेच आधी आले आणि मागे स्टुलावर बसले. गळ्यात टेप तसाच होता. वर्गात डबे बनवणं चाललं होतं. लग्नपत्रिकांच्या दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्याचा, बिनझाकणाचा, बरोबर एक लिटर मावेल असा डबा करायचा. प्रत्येक बाजू दहा सेंटिमीटर. मग वाण्याकडचं लिटरचं माप भरून त्यात रागी, म्हणजे नाचणी, ओतायची आणि काठोकाठ येते का बघायचं.

आठ डबे काठोकाठ भरले. विराजचा फुटला आणि रागी जमिनीवर पसरली. उरलेले पाच मात्र वरून रिकामे राहिले. रम्याच्या डब्यात रागी काठापासून दोन बोटं खालीच थांबली.

"अगं, एवढंही मोजता येत नाही?" गुंडूअण्णा उभेच राहिले. "आठ वर्षांची असल्यापासून हिच्या हातात टेप आहे! हे दाखवायला बोलावलंस मला?"

मुलं हसली. रम्या खाली बघत राहिली.

भाग्यलक्ष्मीचं लक्ष त्या पाच डब्यांकडे होतं. कारखान्यात एखादा तुकडा चुकला तर ती परत पाठवायची. पण पाच तुकडे एकाच बाजूला चुकले, तर ती स्वतः उठून मशिनपाशी जायची. तिने ते डबे एका ओळीत मांडले. रम्याचा, अक्षराचा, आणखी तिघांचा. पाचही घरांत शिलाई मशिन होतं.

"रम्या, किती कापलंस?"

"अकरा."

"मी दहा सांगितलं होतं ना?"

"दहा मापाचं, अक्का. वर एक सैल." अक्काला एवढंही कळू नये, याचं रम्याला नवल वाटत होतं. "रागी आत बसायची ना? मापाला माप कापलं तर तिने श्वास कुठून घ्यायचा?"

आता वर्ग खो-खो हसला. गुंडूअण्णा हसले नाहीत. ते पुन्हा स्टुलावर बसले.

"छत्तीसच्या छातीला छत्तीसच धरलं, तर हुक लागेल काय?" ते हळूच म्हणाले. "पोरीने आमच्या रीतीने बेतलंय. तूच विसरलीस, भाग्या."

भाग्यलक्ष्मीचे कान गरम झाले. दांडा ज्या भोकात फिरायचा, ते भोक दांड्यापेक्षा जरासं मोठं हवं, हे ती रोज तपासत होती. पण वडिलांच्या शिलाई मशिनवर तेच चालायचं, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"चुकले, अण्णा. पण मग सांगा, एवढ्या सैलीमुळे रागी किती जास्त मावेल?"

"एक मूठ. फार तर दोन."

"दहाला एक वाढवला," अक्षरा म्हणाली, "म्हणजे दहावा भाग जास्त."

रम्याने मापाचा दहावा भाग ओतला. डबा भरला नाही. तेवढीच रागी पुन्हा ओतली, तरी नाही. काठाला येईपर्यंत एकूण मापाचा तिसरा हिस्सा रिकामा झाला होता.

"मापच खोटं असेल," म्हणत गुंडूअण्णा पुढे आले. त्यांनी डबा रिकामा केला, माप स्वतः भरलं, वरून हात फिरवून सपाट केलं आणि पुन्हा ओतलं. काठाला यायला पुन्हा वरून तेवढीच लागली.

रम्याने बापाच्या खिशातला खडू काढला आणि फरशीवर गुणाकार मांडला. अकरा अकरे एकशे एकवीस. पुन्हा अकराने गुणलं, हजाराच्या जागी तेराशे एकतीस.

"अप्पा, सैल एकीकडेच नाही वाढली. लांबीला वाढली, रुंदीला वाढली, उंचीला वाढली. आणि एकीवर एक चढली."

गुंडूअण्णा त्या आकड्यांपाशी उकिडवे बसले.

"आणि कापड? म्हणजे हा पुठ्ठा, तो किती जास्त लागला?" त्यांनी विचारलं.

"शंभराच्या जागी एकशे एकवीस. पाचव्या हिश्शाहून स्वल्प जास्त," रम्या म्हणाली.

ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले. मग मुलांनी त्यांना घेरलं. बाही जोडायचा मुंढा गोलच का कापायचा? कापड आडवं ओढलं तर ताणलं जातं आणि उभं का नाही? काहींची उत्तरं त्यांना येत होती. काहींना ते म्हणाले, "आमच्या बापाने सांगितलं, म्हणून."

बारा वाजले. मुलं पांगली. रम्या दाराशी चप्पल घालून उभी होती, जात मात्र नव्हती.

"रविवारी बारापर्यंत येईल ती," गुंडूअण्णा म्हणाले. "त्यानंतर हुक."

"सण असला तरी?" भाग्यलक्ष्मीने विचारलं.

"सण असला तरी." ते निघाले आणि परत वळले. "फुग्याच्या बाहीला मी दीडपट कापड देतो. तेवढं लागतंच काय? की वाया जातं?"

"मला नाही माहीत, अण्णा," ती म्हणाली, आणि तिने वही उघडली.

रम्या तोवर पायऱ्या उतरली होती. घरातल्या कुठल्या जुन्या ब्लाउजची बाही उसवली तर आई ओरडणार नाही, ते ती आठवत होती.