नीट तोडून देणाऱ्या बाई

आणि तरीही माझं म्हणणं तेच आहे, बाईंनी त्या दिवशी माझ्या मामांना बाहेर बसवायला नको होतं. मधे इतकी वर्षं गेली, मामा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत, आणि त्याची सुरुवात बाईंच्या ऑफिसबाहेरच्या त्या बाकड्यावर झाली. हे मी बाईंना फोनवरही ऐकवलं आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चहा पाठवला होता की त्यांना."

अ‍ॅडव्होकेट शैलजाबाई यंदा पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या ज्युनियर सोनाली मॅडम यांचा मला इकडे ओमानला फोन आला, बाईंच्या गौरवग्रंथात एका अशिलाचा लेख हवा म्हणून. मी नववी नापास, इथे गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. जज, वकील, प्राध्यापक लिहिणार, त्यात माझं काय काम, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, ते सगळे चांगलंच लिहिणार आहेत, तुम्ही झालं ते लिहा. म्हणून लिहितो आहे. वाचणाऱ्यांनी राग मानू नये.

आमची पहिली ओळख झाली ती एका शिक्क्यापायी. मी वाघोलीचा, नोकरीला तेव्हाही ओमानलाच. माझं आणि प्रियांकाचं पटलं नाही, ती मुलीला घेऊन वारज्याला माहेरी गेली. वर्ष-दीड वर्ष तसंच गेल्यावर मामांनी दोन्हीकडची पाच-पाच माणसं एका हॉलवर बसवली. स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहिली, नोटरी केली, पंचांच्या सह्या झाल्या, वर जेवणही झालं. आमच्या भागात असंच मोकळं होतात. मामांनी लगेच शिरूरकडची दुसरी मुलगी बघितली. तिच्या वडिलांनी मात्र कोर्टाचा कागद मागितला. मामांना वाटलं, कोर्टाचा एक शिक्का राहिला असेल, तेवढा मारून घेऊ. स्वारगेटला उतरून आम्ही वकील शोधायला लागलो.

पहिले वकील भेटले त्यांनी कागद वाचलाच नाही. बायकोवर कोणकोणत्या केसेस टाकता येतील आणि ती कशी गुडघ्यावर येईल हेच ते सांगत बसले, आणि अ‍ॅडव्हान्स मागितला. मामा खूश झाले. पण तिथल्या चहावाल्याने हळूच सांगितलं, मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर बाई बसतात, त्या तोंडावर बोलतात. आम्ही तिकडे गेलो.

बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि माझ्यापुढे सरकवला.

"यावर तुम्ही मोटारसायकल विकू शकता. बायको सोडू शकत नाही."

मामा म्हणाले, "अहो बाई, आमच्यात आज्या-पंज्यापासनं असंच हाय."

"असेल. रूढी असेल तर ती कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. दहा माणसं जेवून गेली म्हणून ती सिद्ध होत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं लग्न अजून शाबूत आहे, अभिनंदन. या कागदावर दुसरं केलंत तर तो गुन्हा होईल."

यानंतर त्यांनी मामांना बाहेर बसवलं. ही बाईंची कामाची पद्धतच आहे. नवरा असो की बायको, अशील एकटंच आत. घटस्फोट नातेवाइकांना हवा आहे की अशिलाला, हे त्यांना आधी कळून घ्यायचं असतं. पद्धत बरोबर असेल. पण ज्या माणसाने बापामागे मला वाढवलं, त्याला दारामागे बसवून कायदा शिकवायची ती रीत नव्हे, असं मला आजही वाटतं.

आत बाईंनी मला कागदातली एकच ओळ मोठ्याने वाचायला लावली. मुलगी आईकडे राहील, बापाने खर्च द्यायचा नाही आणि मुलीशी संबंध ठेवायचा नाही. हॉलवर ही ओळ वाचली तेव्हा मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली होती, खर्च वाचला म्हणून. बाई म्हणाल्या, "दहा माणसांत पोरगी कुणी मागितलीच नाही. तुम्हाला हवी आहे का?"

हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. स्वरा तेव्हा तीन वर्षांची होती.

बाई म्हणाल्या, असं असेल तर ही ओळ रद्दी आहे, पोरीचा हक्क सही करून सोडायचा अधिकार बापाला नसतो. पुढचं सगळं त्यांनी तिथेच समजावलं. दोघांची संमती असेल तर एकत्र अर्ज करायचा, त्यानंतर सहा महिने थांबायचं. कोर्ट कधीकधी ती मुदत माफ करतं. आमची केली नाही. पोटगी, ताबा, भेटी, सगळं लिहून द्यायचं. प्रियांकाने तिचा वकील वेगळा करावा, दोघांचं काम एकाच वकिलाने बघू नये, हेही त्यांनीच सांगितलं.

मामांचं डोकं वेगळं चाललं होतं. त्यांचं म्हणणं, मुलीचा ताबाच मागू, म्हणजे प्रियांका पोटगीवर नमतं घेईल. आणि पगार निम्मा दाखवू, ओमानचा पगार पुण्यात कोण बघतोय. मी निरोप्यासारखं ते बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "भाव पाडायला पोर मागायची नाही. आणि पगार लपवायचा असेल तर वकील बदला." फी मात्र त्यांनी एक रुपया कमी केली नाही.

शिरूरचं स्थळ गेलं. तारखांसाठी सुट्ट्या झाल्या म्हणून पहिल्या कंपनीने मला काढलं. शेवटच्या तारखेला बाईंनी कोर्टाकडून व्हिडिओवर हजर राहायची परवानगी काढली, तेव्हा दुसरी नोकरी तरी टिकली.

या ग्रंथात कुणीतरी लिहील की बाईंनी किती संसार जोडले. मी एकदा रागाने त्यांना म्हणालो होतो, तुम्ही आमचं जुळवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. त्या म्हणाल्या, "विचारलं होतं दोघांना. दोघांनीही खाली बघितलं. अशा वेळी नीट तोडून देणं एवढंच माझं काम."

आता शेंगांचं सांगतो. केस चालू असताना स्वराची पहिली भेट कोर्टातल्या मुलांच्या खोलीत ठरली. मी विमानतळावरून माझ्या कमरेएवढी बाहुली आणली होती. बाईंनी ती गाडीतच ठेवायला लावली आणि विचारलं, पोरीला खायला काय आवडतं? मला माहीत नव्हतं. त्यांनी समोरच्या वकिलांना फोन लावून प्रियांकाकडून विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरून उकडलेल्या शेंगांचा स्टीलचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, तिला हाक मारू नका, नुसते सोलत बसा. मी सोलत बसलो. स्वरा आईच्या ओढणीमागून बराच वेळ बघत होती. मग आली, दाणा उचलला आणि माझ्याच शेजारी बसून खाल्ला. तो डबा अजून माझ्याकडे आहे. बाईंनी तो कधी मागितला नाही.

अटी लिहिताना बाईंनी एक कलम घातलं: दोघांपैकी कुणीही पुन्हा लग्न केलं तरी दर रविवारचा व्हिडिओ कॉल आणि सुट्टीतल्या भेटी चालू राहतील. मी हसलो होतो. तिच्याशी कोण लग्न करतंय, असं म्हणालो होतो. बाईंनी कलम तसंच ठेवलं.

प्रियांकाने गेल्या वर्षी लग्न केलं, वारज्यातच. कोर्टाचा पक्का कागद होता, तिला अडचण आली नाही. स्वरा त्या माणसाला बाबा म्हणते, मला पप्पा म्हणते. सुरुवातीला रविवारचे कॉल चुकायला लागले, नव्या घरात बरं दिसत नाही म्हणे. मी इथून शिव्या देण्यापलीकडे काय करणार होतो? मी बाईंना फोन केला. बाईंनी त्या कलमाची एक प्रत वारज्याला पाठवली, सोबत दोन ओळींचं साधं पत्र, धमकी वगैरे काही नाही. पुढच्या रविवारी स्वराचा फोन आला. तिचा दात पडला होता, तो तिने मला कॅमेऱ्यासमोर धरून दाखवला.

म्हणजे माझा संसार रीतसर मोडून दिला तोही बाईंनी, आणि आठवड्यातून एकदा मी बाप असतो तोही बाईंच्याच एका कलमामुळे. त्यांचे आभार मानायचे की त्यांच्याशी भांडायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही करतो.

बाईंना उदंड आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे शाबूत राहोत. यात माझा स्वार्थ आहे. स्वरा सज्ञान व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. तोवर रविवार पुन्हा चुकला तर मी कुणाकडे जाणार? तेव्हा तोवर तरी बाईंनी ऑफिस बंद करू नये, ही विनंती.

समितीने ग्रंथाच्या निधीसाठी पाच हजार सुचवले आहेत. बाईंनीच लावलेला नियम आहे, आधी पोरीचे, मग इतरांचे, त्यात वकीलही आले. स्वराचे बारा हजार काल वारज्याला गेले. उरल्यातून बाईंच्या ग्रंथासाठी पाठवतो आहे, पाचशे एक रुपये.